तक्त्याची शेवटची ओळ

मित्रांनो, मी डोळे तपासण्याच्या एका जुन्या तक्त्याची शेवटची ओळ आहे. सगळ्यात खालची आणि सगळ्यात बारीक. माझ्यात आठ अक्षरं आहेत. ती कोणती, हे मी इथे सांगत नाही. सांगितली तर तुम्ही पाठ कराल.

माझा जन्म छापखान्यात झाला. जाड पुठ्ठ्यावर, काळ्याभोर शाईत. माझ्या डोक्यावर सात ओळी होत्या आणि सगळ्यात वर एकच अक्षर होतं, तळहाताएवढं. ती आमची थोरली. तिला कोणीही वाचायचं. मागच्या गल्लीतल्या आजोबांना स्वतःचा जावई ओळखू येत नसे, पण थोरली वाचता आल्यावर तेही मान उंचावून आजूबाजूला बघत. मग एकेक ओळ खाली उतरता उतरता माणसांचा आवाज बारीक होत जायचा आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर बंद पडायचा. मी शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात असं मी ऐकून आहे.

तीस वर्षं मी एका चष्म्याच्या दुकानाच्या भिंतीवर होते. दुकान अरुंद आणि लांबलचक. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला उंच खुर्ची, मध्ये काचांची पेटी आणि काच घासायचं चाक. दुकानाच्या मालकांना सगळे 'चष्मेवाले' म्हणत. ते गिऱ्हाइकाच्या नाकावर जड लोखंडी फ्रेम चढवत, तिच्यात एक काच अडकवत, काढत, दुसरी अडकवत आणि विचारत, "हे बरं, की हे बरं?" दिवसभरात हा प्रश्न इतक्या वेळा व्हायचा की घरी जेवतानाही त्यांच्या तोंडून निघायचा. त्यांची बायको म्हणायची, "अहो, भाजी एकच आहे. हीच बरी."

मित्रांनो, भिंतीवर राहून मी एक गोष्ट शिकले. तक्त्यासमोर बसलेला माणूस खोटं बोलतो. दात दुखतो हे तो मोकळेपणी सांगतो, पोट बिघडलंय हे तर न विचारताच सांगतो. पण दिसत नाही हे म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. एकदा एक ट्रकचालक आला. परवान्यासाठी दाखला हवा होता. त्याने आमच्या आठही ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या, अगदी मलासुद्धा.

चष्मेवाले म्हणाले, "वा! आता हीच ओळ उलटीकडून म्हणा."

त्याने डोळे बारीक करून तक्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, एवढी गाडी उलटी कोण चालवतं?"

दुकानाच्या कोपऱ्यात चष्मेवाल्यांची लेक गृहपाठ करत बसलेली असे. ती खुदकन हसली. तो गेल्यावर बापाने तिला सांगितलं, "कसं ओळखलं, माहीत आहे? ज्याला दिसतं तो शोधतो. शोधताना माणूस अडखळतो. हा कुठेच अडखळला नाही. पाठ केलेलं धावतं, बाळा."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. तिने ठेवलं होतं.

तर एके दिवशी एक प्राध्यापक जवळचा चष्मा न्यायला आले. जवळचा चष्मा देताना चष्मेवाले हातात एक छोटं कार्ड देत. त्याच्यावर एक परिच्छेद होता, ओळीगणिक बारीक होत जाणारा. 'सकाळ झाली. रस्त्यावर माणसांची ये-जा सुरू झाली. एका बाईने खिडकी उघडली आणि बाहेर पाहिले. समोरच्या झाडावर एक पक्षी बसला होता. तो आता उडेल की मग, हे तिला कळेना.' प्राध्यापकांनी ते शेवटपर्यंत वाचलं, पलटून मागे पाहिलं आणि विचारलं, "पुढे?"

"पुढे काही नाही. कार्ड संपलं."

"तुम्ही सगळ्या गावाला वाचायला चष्मे देता. स्वतः काय वाचता?"

चष्मेवाल्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "हेच," ते म्हणाले.

प्राध्यापकांना त्यांची दया आली. दया आलेला प्राध्यापक यादी करतो. तपासणीच्या फॉर्मच्या पाठीमागे त्यांनी जगभरातल्या शंभर थोर पुस्तकांची नावं लिहिली, एक ते शंभर. "वर्षाला चार. पंचवीस वर्षांचा बेत."

"आणि पंचवीस वर्षांनी काय होईल?"

"तुम्ही शंभर थोर पुस्तकं वाचलेला माणूस असाल."

"म्हणजे नेमकं काय होईल?"

"ते मलाही बघायचंय," प्राध्यापक चष्म्याची डबी बंद करत म्हणाले. "माझी एकसष्ट झालीत."

चष्मेवाले तेव्हा पन्नाशीचे होते. लेक पंधराची. तिने यादी पाहिली आणि म्हणाली, "मी पण." त्याच आठवड्यात दुकानात आतून उजेड पडणारा नवा काचेचा तक्ता आला होता. आम्हाला भिंतीवरून उतरवून काचांच्या पेटीमागे उभं केलं होतं. लेकीने कात्री घेतली. मला अख्खीच्या अख्खी कापून पुस्तकात घालायची खूण म्हणून बापाला दिली. थोरली पुस्तकात मावेना, म्हणून तिचा फक्त उभा दांडा कापून स्वतःला घेतला. मधल्या सहा बहिणी रद्दीत गेल्या. अशा रीतीने तक्त्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या आम्ही दोघी एका पुस्तकात आलो.

नियम असा ठरला: पुस्तकाची प्रत एकच, खुणा दोन. रोज आपापल्या वेळी वाचायचं, आपली खूण आपण पुढे सरकवायची. ज्याचं आधी संपेल त्याने थांबायचं. मागच्याला टाकून पुढचं पुस्तक उघडायचं नाही. नियम फार सुंदर होता. पुढे सगळं वाटोळं झालं ते या नियमानेच.

पण पहिली पंधरा वर्षं, मित्रांनो, मी सुखात होते. पुस्तकांना घरात नंबरानेच हाका मारत, कारण चष्मेवाल्यांना नंबरांचीच सवय. "बावीस नंबर जरा जड गेलं." "एकोणतीसमध्ये थंडी फार आहे." मी रोज पाच-सात पानं पुढे जायचे. कधी थोरली माझ्या पुढे असायची, कधी मागे. एकाच पानावर गाठ पडली की आम्ही पाठीला पाठ लावून झोपायचो.

चष्मेवाल्यांच्या बायकोने या शंभरातलं एक पानही उघडलं नाही. पण संध्याकाळी भाजी निवडताना ती विचारायची, "काय, आज किती मेले?"

"आज दोन. एक आजारी आहे."

"म्हणजे उद्यापर्यंत जाईल. कोण, ती खोकणारी?"

"आई, तिला क्षय झालाय."

"मग तिला त्या गळक्या घरात कशाला ठेवलंय? आणि तिचा नवरा कुठे उलथलाय?"

मग बाप आणि लेक, दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, तिला सगळं सांगत. ती मध्येमध्ये निकाल देई. अमक्याला आधीच दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. तमकीने पत्र फाडलं ते बरोबर केलं. एखादं पात्र फारच विचार करायला लागलं की ती म्हणे, "याला काही कामधंदा नाही का?" थोर साहित्याची इतकी नेमकी समीक्षा मी दुसरीकडे ऐकलेली नाही. बापलेकीने वाचलेल्या गोष्टी त्या दोघांना कुठवर कळत होत्या ते मला सांगता येणार नाही. पण तिला सांगायच्या आहेत म्हणून ते नीट वाचत, एवढं मी खात्रीने सांगते. माझी जागा रोज किती सरकते, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

लेक शिकली आणि दूरच्या शहरात नोकरीला लागली. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत. तरी नियम मोडला नाही. चष्म्याच्या काचा यायच्या त्या खोक्यात घालून पुस्तक पंधरा दिवस तिच्याकडे जायचं, पंधरा दिवस इकडे यायचं. दर रविवारी फोन व्हायचा. आई फोनवर विचारायची, "जेवलीस का? आणि त्या म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं का शेवटी?" पंधरा वर्षं संपली तेव्हा आम्ही त्रेचाळीस नंबरवर होतो. ठरल्या बेतापेक्षा सतरा पुस्तकं मागे. कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं.

त्रेचाळीस नंबर नऊशे सात पानांचं होतं. एका नदीकाठच्या धान्याच्या व्यापाऱ्यांच्या चार पिढ्या. पण दोनशे आठव्या पानावर व्यापाऱ्यांशी काही संबंध नसलेली एक बाई येते, नावाड्याची बायको. तिची सासू तापाने फणफणलेली असते, नवरा परगावी. नदीला पूर. ती केस घट्ट बांधते, एकटीच होडी सोडते आणि पलीकडून औषध आणायला निघते. तिथे प्रकरण संपतं.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्यांच्या बायकोला इस्पितळात ठेवलं. हृदयाचं दुखणं. चष्मेवाले खाटेशेजारच्या लोखंडी स्टुलावर बसून पुस्तक वाचत आणि तिला सांगत. त्या दुपारी ते दोनशे बाराव्या पानावर होते. तिने डोळे मिटूनच विचारलं, "ती नावाड्याची बायको पोचली का हो पलीकडे?"

"पुढचं प्रकरण व्यापाऱ्यांच्या वाटणीचं आहे. ते संपलं की कळेल. उद्या सांगतो."

"वाटणी कसली वाचताय, पानं उलटा जरा."

"असं मधलं सोडून चालत नाही गं. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती गेली.

तेराव्याचे दिवस झाल्यावर लेक परत जायला निघाली तेव्हा पुस्तक तिने आपल्याबरोबर नेलं. तिची थोरली एकशे नव्वदवर होती. तिच्या खोलीत खोकं फ्रीजवर ठेवलेलं असे. पहिले दहा दिवस तिने ते उघडलं नाही. मग एका सकाळी उघडलं, पुस्तक मांडीवर घेतलं, आणि दोनशे आठवं पान येईपर्यंत वाचलं. तिथे होडी सुटली. तिने पुस्तक मिटलं. पुस्तक परत पाठवायच्या दिवशी तिने थोरलीला उचललं आणि दोनशे साठाव्या पानात घातलं. मधली बावन्न पानं तिने पाहिलीदेखील नाहीत. बापाला वाटू नये, की लेक मागे पडली. आई गेली, निदान हे तरी चालू आहे, असं त्यांना वाटावं. एवढंच तिच्या मनात होतं. थोरली माझ्याशेजारून गेली तेव्हा काहीच बोलली नाही. आम्हा खुणांना तोंड नसतं.

इकडे चष्मेवाल्यांनी खोकं उघडलं. थोरली दोनशे साठवर पाहिली आणि त्यांना बरं वाटलं. पोरगी सावरते आहे. त्यांनी मला दोनशे बारामधून काढलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागले. ओळीच्या मधोमध एक अक्षर नव्हतं. मान हलवली तर ते परतलं आणि त्याच्या शेजारचं गेलं. त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. मग दुकानाच्या खणातून चौकटींचं कार्ड काढलं. उभ्या-आडव्या सरळ रेघांचं, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकून ते ठिपक्याकडे बघत राहिले. सरळ रेघा मधोमध वाकल्या होत्या. दुसरा डोळा झाकला. तिथेही वाकल्या होत्या.

मित्रांनो, याच खुर्चीत बसवून, हेच कार्ड हातात देऊन, त्यांनी निदान पन्नास माणसांना सांगितलं असेल, "मोठ्या दवाखान्यात जा. आजच्या आज. पडद्याचा आजार आहे, एक आठवडासुद्धा थांबू नका. लवकर गेलात तर नजर टिकेल."

त्यांनी कार्ड खणात ठेवलं आणि खण लावला.

का, ते मला माहीत आहे, कारण त्यांनी ते बायकोच्या फोटोला सांगितलं. "पोरीला कळलं तर नोकरी सोडून येईल. आणि वाचणं थांबलं की रविवारच्या फोनला काय बोलायचं आम्ही? तू होतीस तर बोलणं होतं."

मग त्यांनी मला उचललं आणि दोनशे सत्तराव्या पानात घातलं.

इथून पुढचं आयुष्य सांगायची मला लाज वाटते. तीस वर्षं मी भिंतीवर होते तेव्हा माझ्यासमोर माणसं खोटं बोलत. आता मीच खोटं बोलू लागले. लेकीने थोरली पुढे पाहिली की बाप मला पुढे सरकवी. बापाने मला पुढे नेलं, हे पाहून लेक थोरलीला पुढे नेई. दोघांनाही वाटे, समोरचा झपाट्याने वाचतोय, आपल्यामुळे त्याचा खोळंबा नको. मग काळ असा आला, की ज्यांची पूर्वी वर्षात तीन पुस्तकं होत नसत ते दोघं आता महिन्या-सव्वा महिन्याला एक संपवत. न वाचण्याइतका वेग कशालाच नसतो.

आणि रविवारचे फोन! जोवर खरंच वाचत होते तोवर त्यांच्याकडे पुस्तकाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नसायचं. कोण मेलं, कोणाचं लग्न मोडलं, एवढंच. आता त्यांना मतं फुटली.

"बाबा, अठ्ठावन्नचा शेवट कसा वाटला?"

"अपेक्षित होता. पण तसा अपेक्षित नव्हताही."

"अगदी माझ्या मनातलं बोललात! माणसांच्या नात्यांचा गुंता छान पकडलाय, नाही?"

"गुंता तर आहेच. शिवाय काळाचा एक... हे आहे."

"पट."

"हां, पट."

मग, "जेवलीस का?" असं आई विचारायची ती जागा रिकामी राहायची आणि फोन ठेवला जायचा.

चष्मेवाल्यांनी दुकान एका मोबाईलवाल्याला भाड्याने दिलं. हळूहळू त्यांच्या नजरेचा मधला भाग पुरता गेला. कडेचं दिसायचं. त्यामुळे ते भिंतीला धडकत नसत, जिना उतरत, रस्ता ओलांडत, कोणाला संशय येत नसे. वर्षातून दोनदा लेक यायची. तेव्हा ते तिच्या कानाकडे बघून बोलत, म्हणजे कडेने तिचा चेहरा थोडासा दिसे. ती म्हणायची, "बाबा, माझ्याकडे बघून बोला ना." ते म्हणत, "तुझ्याकडेच बघतोय." हे मात्र खरं होतं.

सहा वर्षांत सत्तावन्न पुस्तकं झाली. पंचवीस वर्षांचा बेत एकविसाव्या वर्षी पुरा. कर्जफेड असती तर सत्कार झाला असता. लेक रजा काढून घरी आली. शंभर नंबरचं शेवटचं पान दोघांनी मिळून वाचायचं, असं तिने फोनवरच ठरवलं होतं. दुपारचं जेवण झालं. खिडकीजवळच्या बाकावर दोघं बसले. मी आणि थोरली शेवटच्या दोन पानांत होतो.

"तू वाच," बाप म्हणाला.

"छे, तुम्ही वाचा. यादी तुमची."

"तुझा आवाज चांगला आहे."

"बाबा, एकवीस वर्षं झाली. शेवटचं पान तुम्हीच वाचायचं."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं. नेहमीच्या अंतरावर धरलं, चष्मेवाल्याला शोभेल असं. घसा साफ केला आणि वाचू लागले:

"सकाळ झाली. रस्त्यावर माणसांची ये-जा सुरू झाली. एका बाईने खिडकी उघडली आणि बाहेर पाहिले."

लेकीने डोळे मिटून मान डोलावली. तिने त्या पुस्तकाचं एक पानही वाचलं नव्हतं. तिला वाटलं, किती साधा शेवट आहे! थोर लोकांना शेवटी साधंच लिहावंसं वाटतं.

"समोरच्या झाडावर एक पक्षी बसला होता. तो आता उडेल की मग, हे तिला कळेना."

तिने डोळे उघडले. बापाचं वाचणं कुठेच अडखळलं नव्हतं. घडाघडा, ट्रकचालकासारखं. तिने पानाकडे पाहिलं. पानावर दुसरंच काहीतरी होतं. तिने बापाच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते पानाच्या वर, खिडकीच्या चौकटीकडे बघत होते.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "आता हेच उलटीकडून म्हणा."

पुस्तक खाली आलं. मी आतल्या आत घसरले.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सहा वर्षं."

"सहा वर्षं! तुम्ही? तुम्ही, बाबा? लोकांना तुम्ही एक आठवडा थांबू देत नव्हता!"

"ओरडू नकोस. कान शाबूत आहेत."

ती रडायला लागली. रडता रडता तोंड पुसत होती, पुन्हा रडत होती. चष्मेवाले तिच्या कानाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "रागव नंतर. आधी एक सांग. सहा वर्षं विचारायचं राहिलंय, विचारलं असतं तर तुला कळलं असतं म्हणून विचारलं नाही. त्रेचाळीसमधली ती नावाड्याची बायको. पोचली का पलीकडे? तुझ्या आईने विचारलं होतं."

लेकीने बापाकडे पाहिलं. मग आमच्याकडे, म्हणजे मांडीवरच्या पुस्तकाकडे.

"मला माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. "मीही तिथेच थांबले."

दुसऱ्या दिवशी ती त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. मी चष्मेवाल्यांच्या शर्टाच्या खिशात होते. का कोण जाणे, निघताना त्यांनी मला खिशात घातलं. तिथली डॉक्टर तरुण होती. तिने डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही थोडे आधी आला असतात तर..."

"तर नजर टिकली असती," काकांनी वाक्य पुरं केलं. "मी हे वाक्य तीस वर्षं वापरलंय. चांगलं वाक्य आहे."

घरी आल्यावर लेकीने कपाटातून त्रेचाळीस नंबर काढलं. पहिल्यांदा ती पानं नुसती चाळायला लागली, नावाडी हा शब्द कुठे दिसतो का ते बघायला. बाप म्हणाला, "तसं नको. आईला मी तसं करू दिलं नाही. सगळं वाच." म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात झाली. गोष्टीतली माणसंसुद्धा दोघं विसरून गेली होती. रजा संपल्यावर ती परत गेली. मग रोज संध्याकाळी फोनवरून पंधरा-वीस मिनिटं वाचू लागली. ती अडखळे. पाण्याच्या बाटल्या तपासून तिचे डोळे दमलेले असत, कधी ओळ सुटे, कधी तीच ओळ दोनदा येई. फोनच्या पलीकडून बाप म्हणे, "वा. दिसतंय तुला."

दोनशे आठवं पान आलं. होडी सुटली. या वेळी लेकीने पान उलटलं. व्यापाऱ्यांची वाटणी झाली, भांडण झालं, दुष्काळ पडला, थोरल्या नातवाने घर सोडलं, धाकट्याने घर विकलं. मधूनच बाप विचारायचा, "आली का ती?" "अजून नाही." सातशे पानं, मित्रांनो. आठ महिने. शेवटची दहा पानं वाचायला ती पुन्हा घरी आली, खिडकीजवळच्या बाकावर.

नऊशे सातवं पान संपलं. तिने पुस्तक मिटलं नाही. मागचा कोरा कागदही उलटून पाहिला.

"संपलं?"

"संपलं."

"ती?"

लेकीला काहीही सांगता आलं असतं. बाई पोचली, औषध मिळालं, सासू उठून बसली. सहा वर्षं सराव होता. बापाला कळलं नसतं.

"नाही आली, बाबा. नऊशे पानांत पुन्हा तिचं नावच नाही. तो लेखक विसरला तिला."

चष्मेवाल्यांनी चाचपून पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तुझ्या आईने त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं."

"हो."

"आठ महिने लागले. राहिली सत्तावन्न." त्यांनी तोंडातल्या तोंडात हिशोब केला. "अडतीस वर्षं. मी आत्ता बहात्तरचा. म्हणजे एकशे दहा."

लेक हसलीही नाही आणि रडलीही नाही. "मग काय करायचं?" तिने विचारलं.

"काय करायचं म्हणजे? चव्वेचाळीस काढ."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी काही बोध सांगावा लागतो. आम्हा खुणांची तुमच्याकडे फार मोठी मागणी नाही. आम्हाला पुस्तकाच्या सुरुवातीलाच ठेवा, वर्षानुवर्षं तिथेच ठेवा, तोंडात धरून चघळा, आम्ही तक्रार करणार नाही. फक्त तुम्ही स्वतः जिथे पोचला नाहीत तिथे आम्हाला पोचवू नका. आणि अक्षराच्या जागी कधी भोक दिसलं, सरळ रेघ वाकडी दिसली, तर घरातल्या कोणाला तरी त्याच दिवशी सांगा. तो माणूस ओरडेल. ओरडू द्या.

आता दोन खुणांची गरज उरलेली नाही, कारण वाचणारं एक आणि ऐकणारं एक, दोघं एकाच ओळीवर असतात. थोरलीला लेकीने त्रेचाळीस नंबरमध्येच ठेवलं आहे. दोनशे आठव्या पानावर, नदीकाठी. तिची माझी भेट आता होईल असं वाटत नाही.

मी चव्वेचाळीसमध्ये आहे. सहाव्या पानावर. सहाही पानं वाचून झालेली आहेत. सातव्याबद्दल मी काही सांगणार नाही.